नवसाला गेलेलं मशीन

रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला लोक दोनच प्रश्न विचारतात. होईल का नीट, आणि विकला तर किती येतील. पहिल्याचं उत्तर मी अजूनही देतो. दुसऱ्याचं द्यायचं मी सोडून दिलं, आणि त्याला कारण माझा सख्खा चुलतभाऊ. आम्ही एका घरात, एका पडवीत वाढलो. तो माझ्याहून थोडा मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणायचो. अजून म्हणतो. जिभेची सवय आहे ती, माझ्या रागाला विचारून थोडीच चालते?

मी मुंबईत एका रेडिओच्या दुकानात काम शिकलो. तेव्हा सगळा कारभार व्हॉल्वचा. काचेच्या नळ्या, आत तापलेली तार, आणि हात चुकला तर असा दणका की जेवण आठवायचं नाही. वडील गेले आणि आमच्या चुलीपाशी आई एकटी राहिली; दादाचं बिऱ्हाड त्याच घरात, पण चूल वेगळी. तिचे गुडघे गेलेले, विहिरीवर जाताना दोनदा बसायची. मला मुंबईचा कंटाळाही आला होता, खोटं कशाला बोलू. मालक म्हणाला, जागा ठेवतो, बघ गावात काय जमतंय ते. मी गावी आलो ते परत न जाण्याच्या बोलीवर. पण बोली आपली आपल्याशी, पोटाला ती कळत नाही. मालवणच्या वरच्या अंगाचं आमचं गाव, विजेचा खांबसुद्धा नव्हता. बॅटरीवर चालणारे रेडिओ दोन-तीन घरांत, तेही निवडणूक आली की लावायचे. त्यांच्या जिवावर माझी चूल कशी पेटणार?

मग वेंगुर्ल्याला मला ते मशीन मिळालं.

तिथे एक म्हातारे ख्रिश्चन गृहस्थ होते, जहाजावर विजेचं काम करून घरी बसलेले. त्यांचा रेडिओ मी नीट करून दिला. त्यांनी मला मागच्या खोलीत नेलं, नारळाच्या सोडणांचा ढीग बाजूला केला आणि खालून एक लोखंडी पेटी ओढून काढली. मोडीत निघालेल्या जहाजावरचं लाउडस्पीकरचं मशीन. सोबत कर्णा आणि माईक. मी म्हटलं, किंमत सांगा. ते म्हणाले, "म्हाका कित्याक तें? व्हर तूं." पैसा घेतला नाही, आणि वर मला काजू दिले खायला.

वस्तूची पारख कशी करायची ते मला मुंबईच्या मालकानं शिकवलं होतं. व्हॉल्वच्या काचेला आतून एक चंदेरी डाग असतो. तो चकचकीत असेल तर व्हॉल्व जिवंत, दुधासारखा पांढरा पडला तर आत हवा शिरली, मेला. ट्रान्सफॉर्मर हुंगायचा. जळलेला असेल तर त्याला करपलेल्या गुळाचा वास येतो, आणि तो वास कितीही वर्षं जात नाही. या मशीनचे व्हॉल्व चक्क जिवंत होते. बाकी सगळा आनंद. खाऱ्या हवेनं पत्रा खाल्लेला, तारांवर हिरवं चढलेलं, कुंभारीण माशीनं ट्रान्सफॉर्मरच्या खाचेत मातीची घरं बांधलेली. आवाज कर्ण्याकडे पाठवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची तार आतल्या आत तुटली होती. तो गेला तर बाकीची पेटी कोंबड्या झाकायला घ्यावी.

तो मी पुन्हा गुंडाळला. मुंबईत त्याला यंत्र असतं. माझ्याकडे आईचा सुंभ वळायचा रहाट होता. त्याच्या चाकाला मी लाकडाचा ठोकळा बसवला. आई रहाट फिरवायची आणि मी केसासारखी तार बोटांतून सोडत एकीशेजारी एक बसवत जायचो. तार तुटली की पहिल्यापासून. आई म्हणायची, "अरे, सुंभ तुटलो तर गाठ तरी मारूक येता." इथे गाठ चालत नाही म्हणून सांगितलं तर म्हणायची, मग ह्या कसला रे शहाणपणाचा काम. पण चाक सोडायची नाही. गुंडाळून झाल्यावर वर रोगण हवं, नाहीतर आमची हवा ते एका पावसाळ्यात पुन्हा खाणार. रोगण कुठून आणू? आमच्याकडे होडीला लावतात ते काजूच्या टरफलाचं तेल आटवून मी त्यावर चढवलं. उपाय नामी ठरला, फक्त माझ्या दोन्ही हातांची साल निघाली. आई मला चार दिवस लहान मुलासारखं भरवत होती.

वीज नव्हती म्हणून मोटारीच्या बॅटरीवर चालेल अशी जोडणी केली. बॅटरी भरायला मालवणच्या भातगिरणीत न्यायची. ज्या संध्याकाळी सगळं जुळलं तेव्हा मी कर्णा माडाला बांधला, माईक आईपुढे धरला आणि म्हटलं, बोल काहीतरी. तिला काय सुचणार? तिनं विचारलं, "माझी तांबडी कोंबडी खंय गेली गो?" व्हाळापलीकडून, ओढ्याच्या त्या काठावरून, शेजारीण ओरडली, "हयसर नाय इली." पडवीत सगळे पोट धरून हसले. दादाही होता. तो मात्र कर्ण्याकडे बघत उभा राहिला आणि मग देवघरात गेला. मला वाटलं, देवाला नमस्कार करतोय. मला बरंच वाटलं.

दादाची दोन मुलं रांगायच्या आधी गेली होती. त्या वर्षी तिसरा मुलगा झाला, तोही अंगानं काटकुळा. त्याला ताप भरला की आमच्या घरात कुणी जेवायचं नाही. तो पोर मला माझाच वाटायचा. त्याला झोपवायला मी व्हॉल्व लावून दाखवायचो, तो तांबडा उजेड बघत डोळे मिटायचा.

तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांच्या सुपाऱ्या मला यायला लागल्या. सुपारी म्हणजे काम पक्कं, त्यावर मग बोलणं नाही. लग्नात रेकॉर्डी लावायला, पूजेला, शाळेच्या समारंभाला. पंचक्रोशीत असं मशीन दुसरं नव्हतं. मी मुंबईला जाणाऱ्या एका माणसाकडून मालकाला निरोप धाडला, माझी जागा दुसऱ्याला द्या. आईनं त्या दिवशी घावणे केले आणि नारळाचा रस काढला. सणालाच होणारा तो रस काढायला ती बसली म्हणजे काय ते मला कळत होतं.

जत्रा जवळ आली तसा दादा आला. पोर खांद्यावर.

"जत्रेपुरतां दी रे मशीन. गाऱ्हाणां साऱ्यांक ऐकाक येयत. देवाचां काम."

"दादा, देवाच्या कामाक इचारूक होया काय? घेवन जा," मी म्हटलं. देवाच्या कामाला सुपारी कसली घेणार? मीच बॅटरी भरून आणली. दादा देवळासमोरच्या पिंपळावर चढला आणि त्यानं स्वतःच्या हातानं कर्णा बांधला, सुटू नये म्हणून दुहेरी.

आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे गावानं देवाशी समोरासमोर केलेलं बोलणं. थोरला मानकरी देवापुढे उभा राहतो आणि गावाच्या वतीनं एकेक गोष्ट देवाच्या कानावर घालतो. प्रत्येक वाक्याला सगळा गाव म्हणतो, होय म्हाराजा. तसं म्हटलं की ती गोष्ट गावाला कबूल. ह्यात सही नाही, शिक्का नाही. पण एकदा गाऱ्हाण्यात बोललेलं परत फिरवल्याचं आमच्या गावात कुणी ऐकलेलं नाही.

दिवस कलताना ओट्या भरून झाल्या आणि गाऱ्हाणं सुरू झालं. मी खांबाआड मशीनपाशी बसलो होतो, एक हात बटणावर. म्हातारा मानकरी माईकला आधी तयारच नव्हता. म्हणाला, देवाक ह्याच्याबिगर ऐकाक येता. दादानं त्याला समजावलं. मग तो बोलायला लागला.

"बा देवा म्हाराजा, आज जो काय तुझ्या जत्रेचो दिवस इलो हा, तो तुझ्या लेकरांनी आपापल्या परीन साजरो केलो हा, तो गोड मानून घे रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

"मुंबयक गेलेल्या लेकरांक सुखरूप ठेव, दर्यात जातत त्यांच्यो होड्यो भरून हाड रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

आवाज असा घुमत होता की खाली वाळूत उभे असलेले, किनाऱ्यावरून जाळं ओढणारे रापणकरसुद्धा हात जोडून म्हणत होते. मी खूश. खोटं नाही सांगत, माझी छाती फुगली होती. तेवढ्यात म्हाताऱ्यानं मान दादाकडे वळवली, तोंड माईकपासून बाजूला झालं आणि आवाज पडला. तो नीट ऐकू यावा म्हणून मी बटण पुढे फिरवलं. मीच.

"आणि ह्या तुझ्या लेकरान, आपलो झील जगलो तर तुका नवस बोललो होतो. तो नवस आज ह्यां बोलाचां यंत्र तुझ्या पायार ठेवन फेडल्यान हा. तां मान्य करून घे आणि त्या पोराक औक्ष दी रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," गाव म्हणाला. आणि गावाबरोबर मीही म्हणालो. मोठ्यानं म्हणालो. लहानपणापासूनची सवय, वाक्य संपलं की तोंड आपोआप उघडतं. शब्द तोंडातून गेला आणि मग डोक्यात उजेड पडला की काय बोललं गेलं आणि कशाला मी हो म्हटलं.

दादा समोर उभा होता. त्यानं पोराला देवापुढच्या फरशीवर ठेवलं होतं. पोर माझ्याकडे बघून हसत होतं. दादा बघत नव्हता. मी उठून दोन शब्द बोललो असतो तर? पण काय बोलणार होतो? देवा, हे मशीन माझं आहे, ते परत दे, आणि ह्या पोराचा नवस मोडला असं समज? त्या फरशीवरच्या पोराकडे बघून हे बोलणारी जीभ मला नव्हती, आणि दादाला हे पक्कं ठाऊक होतं. त्याचा सगळा हिशेब माझ्या मायेवर मांडलेला होता. चोरानं कुलूप फोडलं तर माणूस आरडाओरड तरी करतो.

घरी आल्यावर मी त्याला पडवीत गाठलं. म्हटलं, "दादा, माका इचारलंस तरी?"

तो खाली बघून म्हणाला, "इचारलां असतां तर तू दिलां असतंस?"

"माझ्या पोटावर पाय दिलंस तू."

"तू दुसरां करशीत. तुझ्या हातात कला आसा. माझ्या हातात काय आसा रे? दोन पोरां ह्याच हातांनी पुरलंय."

  मला राग तेव्हाही आला, अजूनही येतो. त्यानं खरोखर विचारलं असतं तर मी काय केलं असतं, हे मला कधीच कळणार नाही. ते कळायची संधीसुद्धा त्यानं माझ्याकडून काढून घेतली.

मी आत वळलो. आई चुलीपाशी होती. म्हटलं, आये, तू तरी काय बोल. ती म्हणाली, "गप रव. पोराच्या जीवार येतलां."

मग चुलीत फुंकर घालत ती हळूच म्हणाली, "नवस माझ्यासमोरच बोललो तो. कर्णो पयलो वाजलो त्या सांजेक."

म्हणजे तिला माहीत होतं. मी बॅटरी भरायला गेलो, दादाला मशीन दिलं, तेव्हा ती सगळं बघत होती. जिनं रहाट फिरवला तीच. मी त्या दिवशी जेवलो नाही आणि तिनंही मला जेव म्हटलं नाही.

सुपाऱ्या मी घरोघर जाऊन परत केल्या. लोकांनी कारण विचारलं तर म्हणालो, मशीन देवाला दिलं. कोणी म्हणाले, पुण्यवान आहेस. मी मुंबईला गेलो. मालकानं जागा दुसऱ्याला दिली होती, माझ्याच निरोपावरून. मग मी दुसऱ्याच एका दुकानात कोपऱ्यात स्टुलावर बसलो आणि तिथेच म्हातारा व्हायला लागलो. नवीन मशीन करीन म्हणालो होतो, पण वेंगुर्ल्याच्या त्या माणसासारखा माणूस पुन्हा भेटला नाही आणि माझ्या हातांनाही ती हौस उरली नाही. आई गेली तेव्हा तार मिळाली. मी पोचलो तेव्हा सगळं आटपलं होतं. सुंभाचा रहाट माळ्यावर टाकलेला होता, त्याला माझा लाकडी ठोकळा तसाच.

एवढ्या वर्षांत मी मनाची एक समजूत घातली होती. फसवलं ते दादानं, गप्प राहिली ती आई. गावाला काय ठाऊक? गावाला वाटलं असणार, दादानं ते माझ्याकडून रीतसर घेतलं आणि देवाला दिलं. गाव बिचारा भोळा. ह्या समजुतीवर मी गावाशी संबंध ठेवला. मुंबईतल्या गावकरी मंडळात वर्गणी दिली, जत्रेला जमेल तसा गेलो, माझ्याच मशीनमधून गाऱ्हाणं ऐकलं आणि प्रसादाचं खोबरं खाऊन परत आलो.

मग गावात वीज आली. मागोमाग मंडळानं देवळाला नवीन मशीन दिलं, ट्रान्झिस्टरचं, हलकं, काखेत मारून न्यावं असं. जत्रेनंतर आमच्याकडे देवापुढे आलेल्या वस्तूंचा लिलाव होतो. नारळ, लुगडी, कोंबडे. त्या वर्षी जुनं मशीनही लिलावात निघालं. दादा तेव्हा देवळाच्या कमिटीवर होता. केस पिकलेले. तो पोर बापापेक्षा उंच झाला होता आणि मला काका म्हणून पाया पडला होता. त्याच्यावर मी कधी राग धरला नाही, त्याचा काय दोष.

दादा माझ्याकडे आला. "तुका समाजता त्यातलां. बघून सांग रे, किती येतीत."

माझ्याच वस्तूची किंमत तो मला विचारत होता. मी स्क्रू काढले. व्हॉल्वचे डाग दुधासारखे पांढरे. कंडेन्सर फुटून मेण ओघळलेलं. कुंभारीण माशी पुन्हा येऊन घर करून गेली होती. तो ट्रान्सफॉर्मर मी हुंगला. जळल्याचा वास नव्हता. तार धड होती, काजूच्या तेलाचं रोगण काळं पडून दगडासारखं झालेलं.

"भंगार आसा," मी म्हटलं. "एकच जिनस बरी आसा, ती माझी आणि आयेची."

 दादा परत जाऊन कमिटीच्या माणसांत उभा राहिला.

लिलाव सुरू झाला. कोंबड्यांवर चढाओढ लागली, थट्टामस्करी झाली. एका तांबड्या कोंबड्यावर दोन व्याही असे इरेला पेटले की तो बकऱ्याच्या भावात गेला. नारळाच्या जोडीवरही पाच-सहा जण बोलले. मग मशीन उचलून मध्ये ठेवलं. मी म्हटलं, "एक नारळ." ही बोली म्हणजे सुरुवात, पुढे कुणीतरी चढणारच.

कोणी बोललं नाही. लिलाव पुकारणाऱ्यानं पुन्हा हाक दिली. कोणी जमिनीकडे बघतोय, कोणी पिंपळाकडे. पितळी समयांसाठी बाहेरगावचा एक भंगारवाला आला होता. त्याला पत्रा आणि तांबं दिसत होतं, त्यानं तोंड उघडलं. शेजारच्या माणसानं त्याची बाही ओढली आणि कानात काहीतरी सांगितलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

तो म्हातारा मानकरी अजून होता, नातवाच्या आधारानं उभा. मी त्याच्याजवळ जाऊन विचारलं, "आजोबा, कोणच कसो चढत नाय?"

"तुझीच वस्तू ती," तो म्हणाला. "तुझ्यार कोण चढ करतलो?"

"तुमका कधीपासून ठावक?"

"पयल्यापासून. साऱ्यांकच ठावक होतां. नवस मोडूचो नाय म्हणून कोण बोललो नाय." आणि मग मायेनं माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "घेवन जा बाबा."

सगळे माझ्याकडे भल्या चेहऱ्यानं बघत होते. आपण ह्याचं काहीतरी परत दिलं, असं समाधान प्रत्येकाच्या तोंडावर होतं. मी एकेक तोंड पाहत गेलो. ज्यांच्या सुपाऱ्या मी परत केल्या ते. ज्यांनी मला पुण्यवान म्हटलं ते. त्या संध्याकाळी वाळूत उभे राहून ज्यांनी हात जोडले होते ते. एक माणूस मला फसवून गेला असं मी आयुष्यभर मानत आलो होतो. तेवढ्यावर मी सुखी होतो.

मी देवापुढे नारळ ठेवला. म्हाताऱ्यानं नव्या माईकसमोर हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, ह्या लेकराची वस्तू आज ह्या लेकराक परत गावली हा, आता त्याच्या मनात काय वाकडां आसात तर तां सरळ कर रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," सगळा गाव म्हणाला. माझंही तोंड उघडलं होतं, सवयीनं. मी ते मिटलं.